हाम सुनये चौथ्यांदा निघाली

समोरच्याचा चष्मा मळलेला असला की हाम सुनयेला चैन पडत नाही. बोलता बोलता ती हात पुढे करते, त्याच्या नाकावरचा चष्मा उचलते, खिशातल्या फडक्यानं पुसते, काडी वाकलेली असेल तर अंगठ्यानं दाबून सरळ करते आणि परत नाकावर ठेवते. विचारत नाही. जेचनच्या बाजारात आता कुणाला याचं काही वाटत नाही. एकदा तिनं अंत्ययात्रेत मयताच्या भावाचा चष्मा असाच काढून पुसला होता. तो रडत होता, त्यामुळे काचा मळल्या होत्या.

बाजाराच्या मागच्या गल्लीत चोवीस वर्षं तिचं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तीच काढते, काचाही तीच घासते. डाव्या हाताच्या बोटांवर काचेच्या कडांनी पडलेल्या बारीक पांढऱ्या रेघा आहेत. वय त्रेपन्न. नवरा प्यो मानसू दानयांगच्या कारखान्यातून सोलच्या बाजूला सिमेंटचा बल्कर, म्हणजे टाकीचा ट्रक, नेतो. तो दिवसाला चाळीसेक वाक्यं बोलतो, त्यातली निम्मी बल्करच्या टायरांबद्दल असतात. मुलगी सेबिन चोवीस वर्षांची, नोकरी शोधते आहे. घरातलं चौथं माणूस म्हणजे सासरे, एक्याऐंशी वर्षांचे, रेल्वेतले निवृत्त सांधेवाले. ते खालच्या मजल्यावर राहतात आणि जेवायला वर येतात.

प्रांतातल्या चष्मेवाल्यांचं एक मंडळ आहे. दर उन्हाळ्यात ते परदेशात कुठेतरी जातं, जिथं दोन-दोनशे किलोमीटरवर चष्म्याचं दुकान नसतं. आठवडाभर शाळेच्या एखाद्या खोलीत बसून डोळे तपासायचे, सोबत नेलेले चष्मे जुळवून द्यायचे आणि परत यायचं. सुनयेनं याआधी तीनदा नाव घातलं होतं आणि तीनदा काढलं होतं. एकदा सासूबाईंना अर्धांगवायू झाला, एकदा सेबिनची विद्यापीठाची परीक्षा आली, एकदा साथ आली. चौथ्या वेळी तिनं निराळा विचार केला. मंडळाच्या नियमात घरच्यांना सोबत नेता येतं. त्यांनी वही लिहायची, रांग लावायची, पेट्या उचलायच्या. तिनं नवऱ्याचं आणि मुलीचंही नाव घातलं. सासऱ्यांना आठवडाभर दानयांगला त्यांच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं, पण नक्की तारखा तिला अजून कळवल्या नव्हत्या. मागं कुणी उरलंच नाही, तर कुणासाठी थांबायचा प्रश्नच येणार नाही, असा तिचा हिशेब होता.

यंदा मंगोलिया होतं. शनिवारी, एकोणीस जुलैला निघायचं, पुढच्या शनिवारी परत. माणशी तेवीस किलो सामान, त्यातले पंधरा किलो चष्म्यांचे, आठ किलो स्वतःचे. पाच महिने सुनये चष्मे जमवत होती. शाळांतून, देवळातून, वृद्धाश्रमातून आलेले जुने चष्मे धुवायचे, यंत्रावर नंबर मोजायचा, काडीवर चिकटपट्टी लावून तो लिहायचा, चाळिशीचे एका बाजूला, लांबचे एका बाजूला. दुकानाच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

निघायच्या आधीच्या मंगळवारी दुपारी दानयांगहून आत्याचा फोन आला. ही मानसूची आत्या, म्हणजे सासऱ्यांची तीच बहीण, वय शहात्तर. सुनये तेव्हा एका म्हाताऱ्याचा नंबर काढत होती. त्याच्या नाकावर तपासणीची जड लोखंडी फ्रेम होती आणि एका डोळ्यावर काळी चकती.

“सुनये, मंगळवारी कितीची गाडी धरू गं? सकाळची की दुपारची?”

“कुठल्या मंगळवारी, आत्याबाई?”

“कुठल्या म्हणजे? वहिनीच्या श्राद्धाला. बावीस तारखेला.”

“ते ऑगस्टमध्ये आहे ना. एकवीस ऑगस्ट.”

पलीकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

“ऑगस्टमधला सहावा महिना अधिक आहे, बाई. अधिक महिन्यात मेलेल्यांना कोण जेवायला घालतं? खरा सहावा आत्ता चाललाय. अठ्ठाविसावी तिथी बावीस जुलैला.”

“मी बघते,” सुनये म्हणाली.

“बघ, बघ. साऱ्या गावाला चष्मे विकतेस, एखादा स्वतःच्या नाकावर पण ठेव.”

सुनयेनं फोन ठेवला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाऊन परत आली. म्हातारा तसाच बसून होता.

“माझं काय?” तो म्हणाला. “मी काय असा काणाच बसू?”

घरी स्वयंपाकघरात शेतकरी सोसायटीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. दर जानेवारीत ते आलं की सुनये त्यावर वर्षभरातली चार श्राद्धं लाल पेनानं गोल करून ठेवायची. सून थोरली, त्यामुळे हे काम तिचं. चांद्र तिथ्या कॅलेंडरवर मुंगीएवढ्या आकड्यांत छापतात. सासूबाईंचं श्राद्ध मागची दोन वर्षं ऑगस्टमध्येच आलं होतं, म्हणून तिनं ऑगस्टचं पान उघडलं, सहाव्या महिन्याची अठ्ठावीस तिथी शोधली, सापडली, गोल केला. त्या आकड्याच्या डाव्या अंगाला अधिक महिन्याची खूण होती. तिळाएवढी. अधिक महिन्यात भुताखेतांचं लक्ष नसतं म्हणतात. थडगी हलवायची, म्हाताऱ्यांची कफनं शिवून ठेवायची ती याच महिन्यात. फक्त श्राद्ध करायचं नाही. हे सुनयेला लहानपणापासून माहीत होतं. चाळिशीही तिच्या खिशातच होती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन उघडा ठेवून आत्याला सगळ्यांशी बोलू दिलं.

“शुक्रवारी करून टाकू या,” सेबिन म्हणाली. “चार दिवस आधी. त्यात काय?”

“वाढदिवस आधी करतात,” फोन म्हणाला. “श्राद्ध नाही. ती तिच्या दिवशीच येणार. चार मैल चालून येईल आणि दाराला कुलूप बघून परत जाईल?”

“मग तिकडे करू. आजी मंगोलियात येईल की. तिला थोडंच तिकीट लागतं?”

“तिला तिकडची भाषा येते का?” फोन म्हणाला. “ती जन्मात सोलला दोनदा गेली आणि दोन्ही वेळा हरवली.”

सेबिनला हसू फुटलं. सासरे मान खाली घालून काकडीचं गार सूप पीत होते. मानसू माशाचे काटे ताटाच्या कडेला एका रांगेत लावत होता.

“मानहोला बोलवा ना,” सुनये म्हणाली. मानहो म्हणजे धाकटा दीर, उल्सानला असतो.

“त्याची बायको चर्चमधली. तो श्राद्धाच्या पानापुढे वाकायचा नाही. फार तर गाणं म्हणेल.”

“अहो,” सुनये नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही काहीतरी बोला.”

“बघू,” मानसू म्हणाला.

“काय बघू? शनिवारी निघायचंय.”

“आज मंगळवार आहे.”

सुनयेनं ताटं उचलायला घेतली.

बुधवारी तिनं मंडळाचे अध्यक्ष मेंग यांना फोन केला. मेंग यांचं छुंगजूला मोठं दुकान आहे आणि आवाज पाद्र्यासारखा मऊ आहे. तिकिटं गटाची होती, तारीख बदलत नव्हती. डोळे तपासणारे एकूण पाच जण होते. तिकडच्या दोन तालुक्यांतून आठशे माणसांनी नावं दिली होती. काही जण घोड्यावरून येणार होते.

“हाम मॅडम, मी काही म्हणत नाही,” मेंग म्हणाले. “याआधी तीनदा मी काही म्हटलं नाही. हो की नाही?”

“नाही म्हटलंत.”

“आताही म्हणत नाही. चौघांत आठशे होतील. सहाशे तर होतीलच.”

फोन ठेवल्यावर सुनयेनं एका शाळकरी मुलीच्या चष्म्याचा स्क्रू तीनदा घट्ट केला आणि तिसऱ्यांदा तो तुटला. मुलीला नवी फ्रेम फुकट द्यावी लागली. दुकान बंद करून ती नदीच्या बाजूला निघाली आणि अर्ध्या वाटेवरून वळली, कारण तिकडे काही काम नव्हतं.

सासूवर तिचा राग नव्हता. अर्धांगवायूनंतर तीन वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या, आणि दर दोन तासांनी कूस बदलायचं काम दुकान सांभाळून सुनयेनं केलं होतं. त्या तीन वर्षांत आत्या पाच वेळा आल्या, पाचही वेळा फळं घेऊन. ती तीन वर्षं कुणी कॅलेंडरवर गोल केली नव्हती, आणि करावीत असंही सुनयेचं म्हणणं नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला एका संध्याकाळी काय वाढलं जातं यावर आपण घराबाहेर पडायचं की नाही ते ठरावं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि हे मोठ्यानं म्हणायची तिची हिंमतही नव्हती. त्या रात्रीच्या जेवणात तिनं भातात मीठ घातलं. भातात मीठ त्या घरात कधीच घालत नसत.

गुरुवारी सकाळी ती बाजारात प्योंगचांगवालीच्या दुकानात गेली. प्योंगचांगवाली तयार श्राद्धाचं जेवण विकते. धिरडी, भाजलेला खारवलेला मासा, तीन रंगांच्या भाज्या, तांदळाच्या वड्या, वरून टोपी कापलेली सफरचंदं, सगळं डब्यात भरून. हल्ली निम्मं गाव तिच्याकडून नेतं आणि कुणी कुणाला सांगत नाही. सुनये आजवर तिच्याकडे गेली नव्हती. थोरल्या सुनेनं गेलेलं बरं दिसत नाही.

“ये गं चष्मेवाली,” प्योंगचांगवाली म्हणाली. तिचा चष्मा तेलानं धुरकटला होता. सुनयेनं तो काढून घेतला आणि पुसायला लागली.

“बावीस तारखेसाठी पाहिजे. पाच माणसांचं.”

“बावीस? म्हणजे तुझ्या सासूचंच ना? दानयांगची आजी नेते तेच बांधू का मग?”

“कुठली आजी?”

“तुमची आत्या गं. प्यो. तोंडानं तिखट. तिच्या नवऱ्याचं असतं ना शरदात, ते माझ्याकडूनच जातं. तीन वर्षं झाली. डब्यावरची चिठ्ठी काढून द्या म्हणते, धिरड्यांच्या कडा जरा वेड्यावाकड्या करा म्हणते. घरची वाटली पाहिजेत. दे माझा चष्मा, मला काही दिसत नाहीये.”

सुनयेनं चष्मा परत तिच्या नाकावर बसवला. दुकानातून बाहेर पडताना तिला आठवत होतं, गेल्या शरदात दानयांगला याच धिरड्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं, आणि आत्या म्हणाल्या होत्या, आजकालच्या सुनांच्या हाताला अशी चव कुठली यायला.

दुपारी तिनं फोन लावला.

“आत्याबाई, मंगळवारचं जेवण मी बाजारातून सांगितलंय.”

“बाजारातून! वहिनीला? आमच्या घरात कधी…”

“प्योंगचांगवालीकडे. ती म्हणाली, दानयांगला जातं तेच बांधते. मी म्हटलं, चालेल.”

पलीकडून खोकला आला.

“तिचा मासा खारट असतो,” आत्या म्हणाल्या. “आधी पाण्यात ठेवायला सांग.”

“तुम्हीच सांगा ना. तुमची ओळख आहे.”

“सांगते,” आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

जेवणाचा प्रश्न मिटला. वाकायचा राहिला. पानासमोर दारू कोण ओतणार, दोनदा जमिनीला कपाळ कोण टेकवणार? शुक्रवारी संध्याकाळी आत्या स्वतःच जेचनला येऊन थडकल्या. प्रश्न सुटल्याशिवाय आपण हलणार नाही, असं त्यांनी चपला काढतानाच जाहीर केलं. बाहेरच्या खोलीत तीन उघड्या पेट्या पडल्या होत्या. सुनये चष्म्यांची पुडकी एका पेटीतून दुसरीत टाकत होती आणि परत पहिलीत. मानसू वजनकाटा धरून उभा होता.

“थोरला मुलगा परदेशात,” आत्या म्हणाल्या, “धाकटा येशूकडे. वहिनी येऊन बसणार कुणापुढे? माझ्यापुढे? मी लग्न होऊन बाहेर गेलेली.”

“सगळे माझ्या बायकोबद्दल बोलताय,” सासरे म्हणाले.

मंगळवारपासून ते या विषयावर पहिल्यांदाच बोलत होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

“मला कुणी विचारलंत? नवरा जिवंत असताना बायकोचं श्राद्ध नवऱ्याचं असतं. मानसू ओततो ते माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून. चार वर्षं पानापुढच्या नावाच्या चिठ्ठीवर ‘आई’ लिहितोय तो. माझी आई आहे का ती? यंदा मी लिहीन.”

“आणि वाकणार कोण, दादा?”

“मी.”

“नवरा बायकोपुढे वाकतो का कुठं?”

“पंचावन्न वर्षं ती वाकली. एका संध्याकाळी मी वाकलो तर काय आभाळ कोसळणार आहे?”

आत्यांना हा नियम चांगला माहीत होता; वापरताना कुणाला पाहिला नव्हता, एवढंच. शेवटी त्या म्हणाल्या, “मग मी इथंच राहते आठवडाभर. याला एकट्याला सोडलं तर हा दारू आधी स्वतःच ओतून घेईल.”

“मानसू,” सासरे म्हणाले, “तू जा.”

“बरं,” मानसू म्हणाला.

सुनयेनं आभार मानले नाहीत. ती उठली आणि फ्रिज उघडून आत बघत राहिली. मग बसून तीन कागद लिहिले. औषधं कधी, गॅसचा खटका कुठं, प्योंगचांगवालीचा नंबर, पाहुण्यांची ताटं कुठल्या कपाटात. ते फ्रिजच्या दारावर चिकटवले. त्यानंतर अर्ध्या तासानं एक काढून पुन्हा लिहिला. त्यातली एक ओळ चुकीची नव्हती, पण तिला तशी वाटली.

शनिवारी सकाळी नऊला स्टेडियमसमोरून बस निघाली. पाच चष्मेवाले, त्यांच्या घरचे, एकूण सतरा माणसं. मेंग यांनी सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. सुनये खिडकीशी बसली आणि बस वोंजूपर्यंत पोचायच्या आत तिनं पासपोर्ट चार वेळा पाहिले. मागच्या सीटवर सेबिन कानात गाणी घालून झोपली होती. मानसूनं टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि तो समोरच्या रस्त्याकडे पाहत होता. आपण सोडून दुसरं कुणी चालवत असलं की तो असाच बसतो. उजवा पाय ब्रेकवर असतो, ब्रेक नसला तरी.

आत्यांचा फोन मानसूच्या मोबाइलवर आला.

“काळजी करायचं काही नाही. दादा पडला नाही. आधीच सांगते, पडला नाही.”

“काय झालं?”

“वाकायचा सराव करत होता. खाली गेला, वर येईना. मी ओढला, माझ्यानं होईना. मग वीस मिनिटं दोघं खालीच बसलो. शेवटी खालच्या सिगरेटवाल्याला हाक मारली, त्यानं उचलला. आता शेवया खातोय. उद्या परत करणार म्हणतोय.”

“बरं,” मानसू म्हणाला.

त्यानं फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं तो काढून त्यानं कुणाला तरी लावला, हळू आवाजात बोलला आणि परत ठेवला. सुनयेला वाटलं, आत्यांनाच.

दकप्योंगच्या थांब्यावर बस वीस मिनिटं थांबली. तिथं दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच आवारात येतात. सोलकडे जाणाऱ्या आणि तिकडून परतणाऱ्या सगळ्यांसाठी तीच खानावळ, तेच संडास. सुनये भाजलेले बटाटे घेऊन आली तेव्हा मानसू बसपाशी नव्हता. पलीकडे मालट्रकांच्या रांगेत एक रिकामा बल्कर उभा होता, दार उघडं होतं आणि मानसू त्याच्या चाकाला बूट लावून उभा होता. ड्रायव्हर बोंगसू होता, दानयांगचाच. इंचॉनला माल टाकून परत चालला होता. त्यानं वहिनींना पाहून मान झुकवली आणि लगेच आरशाकडे बघायला लागला.

“मी जातो याच्याबरोबर,” मानसू म्हणाला.

“कुठं?”

“घरी. बाबांना उठवायला कुणीतरी पाहिजे.”

“ते मंगळवारी. आज शनिवार आहे.”

“ते रोज सराव करणार. तू ओळखतेस ना त्यांना.”

म्हणजे बसमधून त्यानं लावलेला फोन बोंगसूला होता. तिला सांगायच्या आधी त्यानं बोंगसूला सांगितलं होतं. सुनयेच्या हातातले बटाटे गरम होते. ते तिनं बल्करच्या पायरीवर ठेवले.

“तुम्हाला विमानात बसायचंच नव्हतं,” ती म्हणाली.

मानसूनं यावर खरोखर विचार केला.

“तेही आहे,” तो म्हणाला.

“मग पाच महिने का नाही बोललात?”

“तू सगळ्यांना घेऊन निघाली होतीस.”

“म्हणून?”

“कुणीतरी मागं राहिल्याशिवाय या घरातून निघता येत नाही गं. मी राहतो. तू जा.”

ही दोनतीन वाक्यं त्यानं इतक्या सलग म्हटली की बोंगसूनंही आरशातून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. सुनयेला एकाच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्याच शेजारी चढून बसावंसं वाटलं. घरी गेलं की सगळं सोपं होतं. सासऱ्यांना ती एका हातानं उठवू शकली असती. तीन वर्षांचा सराव होता. मासा किती खारट आहे ते तिला चाखून पाहता आलं असतं. बस हॉर्न देत होती. सेबिन टोपी हातात घेऊन आवार ओलांडून धावत आली.

“आई, मेंग काका विचारतायत. बाबा काय करतायत? आपण उतरायचं का?”

बल्करच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच सीट होती. सुनयेनं ती पाहिली. मग मानसूच्या शर्टाच्या खिशातून त्याचा चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला.

“पासपोर्ट द्या तुमचा,” ती म्हणाली. “तुमच्या खिशात धुतला जाईल.”

त्यानं दिला. ती बसमध्ये चढली. पायऱ्या तीनच होत्या, पण तिसरीवर ती इतका वेळ उभी राहिली की ड्रायव्हर म्हणाला, “बाई, आत की बाहेर? दार लावायचंय.” तेव्हा ती आत गेली. पंधरा माणसं आपापल्या पिवळ्या टोप्यांखालून तिच्याकडे बघत होती. मेंग यांनी यादीवर एक रेघ मारली. सुवनपर्यंत सुनयेनं तीनदा सीट बदलली.

विमानतळावर बसच्या पोटातून सामान काढलं तेव्हा मानसूची पेटीही बाहेर आली. तिचा विचार कुणी केला नव्हता. पंधरा किलो चष्मे. त्यातच जवळचे सगळे होते, चाळिशीचे, दोनपासून साडेतीनपर्यंत. तिकडे सर्वांत आधी तेच संपतात, असं मागच्या खेपांना जाऊन आलेले सांगत. माणूस नाही तर त्याचे तेवीस किलोही नाहीत. बाकीच्यांच्या पेट्या काट्यावर आधीच भरलेल्या होत्या.

“राहू दे हाम मॅडम,” मेंग म्हणाले. “पुढच्या वर्षी नेऊ.”

सुनयेनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खांबापाशी फरशीवर बसून तिनं तिन्ही पेट्या उघडल्या. स्वतःच्या पेटीतले आठ किलो बाहेर काढले. तीन जोड कपडे, रेनकोट, भाजलेल्या समुद्रशेवाळाची पाकिटं, किमचीचे दोन डबे, आत्यांनी दिलेली मिरचीची चटणी. मग सेबिनची पेटी ओढली.

“आई! ते माझं आहे.”

“चष्मे पंधरा किलो. माझे आठ निघाले. तुझे सात निघाले तरी पुरे.”

“मी आठवडाभर घालू काय?”

“अंगावर आहे ते. दोन शर्ट एकावर एक चढव. तिकडे थंडी असते म्हणे.”

“आणि जोडे?”

“तेच पायात घाल. चपला राहू दे.”

“लोक बघतायत, आई.”

“बघू दे. त्यांना नंबर असेल तर मला सांग.”

सेबिन फरशीवर बसली आणि पुटपुटत दुसरा शर्ट चढवायला लागली. मध्येच म्हणाली, “माझं केस वाळवायचं यंत्र तरी?” आणि आईचा चेहरा बघून तिनंच ते बाजूला टाकलं. पुडकी एकामागून एक मानसूच्या पेटीतून दोघींच्या पेट्यांत गेली. किमची, कपडे, चपला मानसूच्या पेटीत आल्या. ती ठेवायला विमानतळावर खोली होती. सुनयेनं चाळिशीचं शेवटचं पुडकं पेटीच्या झाकणाखाली कोंबलं, वर गुडघा टेकून चेन ओढली.

काट्यावर पहिली पेटी तेवीस भरली. दुसरी तेवीस किलो चारशे. काउंटरवरच्या मुलीनं आकड्याकडे पाहिलं, मग सुनयेच्या अंगावरच्या तीन शर्टांकडे आणि जुलै महिन्यात गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांकडे.

“आत काय आहे?”

“चष्मे.”

“सगळे?”

“सगळे.”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मानसू होता. घरी पोचल्याचं सांगायला असेल, किंवा ताटं कुठल्या कपाटात ते विचारायला. ते फ्रिजवर लिहिलेलं होतं. सुनयेनं फोन हातात धरला, नाव वाचलं आणि वाजू दिला. मुलीनं दोन्ही पेट्यांना पट्ट्या लावल्या. पट्टा हलला, पेट्या झुलत झुलत रबराच्या पडद्याआड गेल्या.

“आई, फोन,” सेबिन म्हणाली.

“आत गेल्यावर करते,” सुनये म्हणाली आणि तपासणीच्या रांगेकडे चालू लागली. मागं पाहिलं तर सेबिन अजून तिथंच उभी होती, म्हणून परत येऊन तिला दंडाला धरून घेऊन गेली.